काळ्या मातीचं मैदान

आमच्या गावचं फुटबॉलचं मैदान आधी माणसांचं नव्हतंच, घोड्यांचं होतं. निजामाच्या राज्यात गावाबाहेर पागा होती. पोलिसांची पंधरा-वीस घोडी तिथं बांधलेली असायची आणि समोरच्या माळावर त्यांना सकाळ-संध्याकाळ फिरवायचे. टापांनी तो माळ असा घट्ट झाला होता की भर पावसाळ्यातही गवताचं पातं उगवत नसे. पुढं घोडी कमी झाली, मोटार आली आणि फुटबॉलचं वेड असलेला एक तालुकदार आमच्याकडं बदलून आला. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर. त्या भल्या माणसानं बाभळीचे चार खांब रोवले, वर दोन आडवे वासे ठोकले आणि हैदराबादहून एक कातडी चेंडू मागवला. झालं! ज्या गावाला कुस्तीपलीकडं काही ठाऊक नव्हतं ते गाव फुटबॉलमागं खुळं झालं.

माझ्या तरणेपणी, म्हणजे तिकडं महायुद्ध चालू होतं त्या दिवसांत, या मैदानाचं नाव सोलापुरापासून बिदरापर्यंत गाजलेलं होतं. सोलापूर तेव्हा इंग्रजांच्या मुलखात. एकदा तिकडचा संघ खेळायला आला तर तामलवाडीच्या बाजूच्या नाक्यावर त्यांचा नवाकोरा चेंडू अडवला आणि त्यावर जकात मागितली. पुढच्या खेपेला त्या बहाद्दरांनी चेंडूतली हवा सोडली, त्याची घडी केली आणि पटक्यात गुंडाळून डोक्यावर घालून आणला. गावात येऊन तो फुगवला तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो. असल्या गोष्टी मी कितीही सांगीन. आता मैदानाची पुन्हा दुरुस्ती निघाली आहे म्हणतात, म्हणून पोरं येतात, आजोबा मैदानाचा इतिहास सांगा म्हणतात. मी घोड्यांपासून सुरू करतो, पटक्यातला चेंडू सांगतो आणि आमच्या वेळच्या दुरुस्तीपाशी आलो की मला काहीतरी काम आठवतं. आज ते सांगून टाकतो. नावं मात्र कुणाची घेणार नाही, कारण ज्यांची घ्यायची त्यांना विचारायला मी फार उशीर केला.

माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणायचो. तिचे यजमान म्हणजे माझे दाजी. कर्नाटकाच्या कडेच्या गावातले, लिंगायत घरचे, घरात निम्मं मराठी निम्मं कानडी. दिवसभर अडत बाजारात पोती वाहायचे आणि संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून मैदानावर यायचे. बूट नाहीत, काही नाही. अनवाणी. चेंडू पायावर घोळवायला लागले की तोंडानं ‘ओंदू, येरडू, मूरू’ असं मोजत राहायचे, आणि शंभराच्या आत चेंडू जमिनीला लागला तर स्वतःलाच कानडीतून शिवी द्यायचे. अंगानं बैल, पण पळायला लागले की हरणाची जात. मी त्यांच्या मागं हाफला खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, चेंडू आला की दाजींकडं ढकलायचा, एवढंच माझं काम. बाकी सगळं त्यांचं.

आक्काचा संसार मात्र हालाचा होता. एका लांबट खोलीत तीन जावांची तीन बिऱ्हाडं, मधे गोणपाटाचे पडदे. ‘भांडण करायचं तरी हळू आवाजात करावं लागतंय रे,’ असं ती मला हसत सांगायची. हसत सांगायची म्हणून मला जास्त लागायचं. तिच्या डोक्यात एकच होतं, हैदराबाद. तिथल्या एका मोठ्या संघात गडी घेतला की वर्दी मिळते, कायमची नोकरी मिळते आणि राहायला सरकारी खोली मिळते, हे दाजींनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ‘एक खोली, पण आपली,’ आक्का म्हणायची. फक्त पंचविशीच्या पुढचा गडी ते घेत नसत. दाजींची सत्ताविशी उलटली होती. जन्माचा कागद कुणाकडंच नव्हता म्हणून अजून चोवीस सांगून चालत होतं. पण चेहरा किती दिवस खोटं बोलणार? एक-दोन वर्षं, फार तर.

आणि अशात बातमी आली की मैदानाची दुरुस्ती होणार आहे. पश्चिमेला लोकांना बसायला दगडी पायऱ्या, साहेब लोकांना पत्र्याची शेड, बाभळीच्या जागी सागवानी खांब, कारण युद्धामुळं लोखंड मिळत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे मैदानावर हिरवं गवत. मैदान तयार झालं की हैदराबादचा संघ घेऊन एक बडा साहेब येणार, पहिली मॅच होणार आणि आमच्या बाजूचा एखादा गडी पसंत पडला तर त्याला तिकडं नेणार. एखादा गडी म्हणजे कोण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आक्कानं त्याच आठवड्यात भांड्यांना कल्हई लावून घेतली. मी म्हणालो, ‘अगं, अजून कशात काय न्हाय.’ ती म्हणाली, ‘तू गप. हैदराबादला काळी भांडी घेऊन जाऊ व्हय?’

कामावर ओव्हरसियर म्हणून हैदराबादचे एक गृहस्थ होते. उंच, सडपातळ, पन्नाशीचे, डोक्यावर तुर्की टोपी, हातात नेहमी घडीची फूटपट्टी. आमच्या भागात दहा वर्षं काढलेली, त्यामुळं मराठी सगळं समजायचं, बोलायचे मात्र आपल्या दखनीत. मला चार बुकं उर्दू येत होतं आणि फुटबॉलही कळत होता, म्हणून त्यांनी मला मुकादम नेमलं. माती आणणं, पसरणं, गवत लावणं, ते सगळं माझ्या हाताखाली. बावीस वर्षांचा होतो मी. एवढी मोठी जबाबदारी मिळाल्यावर माझ्या मिशीला पीळ बसला.

उन्हाळ्यात तळं आटलं आणि वडारांची गाढवं गाळ वाहायला लागली. काय माती होती ती! काळीभोर, लोण्यासारखी. घोड्यांनी तुडवलेल्या त्या माळावर गुडघाभर थर द्यायचा होता. ओव्हरसियरसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘मियाँ, काली मट्टी अकेली नक्को डालो. तीन घमेले मट्टी, एक घमेला मुरूम, ऐसा मिलाव. नै तो गर्मी में फटती.’ दोन मैलांवरच्या खाणीतून त्यांनी मुरमाचा मोठा ढीगही आणवला.

मी ‘जी साहेब’ म्हणालो आणि मनात हसलो. शेतकऱ्याचं पोर मी. आमच्याकडं वावरात मुरूम निघाला तर त्या वावराला गिऱ्हाईक मिळत नाही, पोराला बायको मिळत नाही. ‘जमीन कशी हाय?’ असं सोयरे विचारतात तेव्हा ‘काळी हाय’ एवढं एकच उत्तर चालतं. आणि हा टोपीवाला मला काळ्या आईत मुरूम कालवायला सांगतोय! उंटावरचा शहाणा! कामावरचे आमच्याच भागातले गडी, त्यांनीही कपाळावर हात मारला. एक म्हातारा गडी म्हणाला, ‘मुकादम, मातीत मुरूम मिसळायचं पाप म्या करणार न्हाय. दुसरं काय बी सांगा.’ मला तेच पाहिजे होतं. काळी माती नुसतीच पसरली. मुरमाचा ढीग दगडी पायऱ्यांच्या मागं भराव म्हणून ढकलून दिला, म्हणजे प्रश्नच मिटला. ओव्हरसियरसाहेब नळदुर्गच्या बाजूला एका पुलाच्या कामावर होते. आठ दिवसांनी आले, ढीग दिसला नाही तेव्हा विचारलं, ‘मिलाये ना?’ मी म्हणालो, ‘मिलाया साहेब.’ ते म्हणाले, ‘हौ, फिर ठीक है.’

खरं सांगतो, तेव्हा ते खोटं बोलणं मला खोटं वाटलंच नाही. वेड्या माणसाची समजूत काढावी तसं वाटलं.

पाऊस पडला आणि आम्ही हरळी लावली. आता हरळी म्हणजे शेतकऱ्याची वैरीण. ती खंदून काढता काढता आमच्या बापजाद्यांच्या कमरा मोडल्या. आम्ही रांगेनं बसून तिचे ठोंब लावतोय हे बघून बाजाराला निघालेली एक बाई थांबली आणि म्हणाली, ‘आगं बया! आमी उपटून मरतो, अन् हे लावाया बसलेत!’ पण मैदान असं फुललं म्हणता! आषाढात हिरवं, श्रावणात गर्द हिरवं. लोक संध्याकाळी नुसतं गवतावर बसायला यायचे. पावसात तिथं खेळायची सोय नव्हती, चिखल पायाला धरायचा. पण दिवाळीनंतर माती बसली आणि आम्ही उतरलो. दाजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाले, मग आडवे पडले आणि ओरडले, ‘यप्पा! गादीवर पळाल्यागत वाटतंय रे!’ ओव्हरसियरसाहेब शेडमधे उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती घेतली.

हैदराबादचे बडे साहेब दिवाळीनंतर लगेच आले असते तर आज हे सांगायची वेळच आली नसती. पण मोठ्या लोकांचे दौरे. दिवाळीचं संक्रांतीवर गेलं, संक्रांतीचं शिमग्यानंतर. माघ लागला, ऊन चढलं आणि मैदानावर बारीक रेघा दिसायला लागल्या. आधी केसासारख्या, मग बोट जाईल एवढ्या. वावरात उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या मी जन्मापासून बघत आलो होतो, त्यांच्यात विटी-दांडूच्या विट्या हरवल्या होत्या. आणि तरीही, बाबांनो, मैदानाला त्या पडतील हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. शेतकऱ्याला भेगांचं कौतुकच असतं. जमीन तापली, फाटली की पुढचं पीक जोमात, असं आम्ही म्हणतो.

ओव्हरसियरसाहेब आले. खाली बसले. फूटपट्टी उघडून एका भेगेत घातली. ती वीतभर आत गेली. पट्टी पुसून तिची घडी केली. मग माझ्याकडं बघून हळू म्हणाले, ‘इतनी कैसी फटी? मुरूम मिलाये थे ना?’

मी ‘हो’ म्हणालो.

‘देखो मियाँ, नै मिलाये तो अभी बोलो. कुछ नै बिगड्या. उखाड के फिर से डालेंगे. तारीख आगे सरकाता मैं. साहब को मैं लिखता.’

आणि इथं मी खरा मेलो. त्या माणसानं दार सताड उघडं करून दिलं होतं. रागावला नाही, दरडावलं नाही. पण ‘तारीख आगे’ हे शब्द मी ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढं आक्काची कल्हई केलेली भांडी आली. तारीख पुढं म्हणजे उन्हाळा गेला, पावसाळा गेला, म्हणजे पुढची दिवाळी. दाजींच्या कपाळावर तेव्हाच आठ्या दिसायला लागल्या होत्या. वर्षभरानं त्यांना चोवीस कोण म्हणेल? असं मी स्वतःला सांगितलं. पण सगळं खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. आपण खोटं बोललो हे त्या माणसापुढं कबूल करायला जीभ वळेना. मुकादमाची मिशी खाली येणार होती.

मी म्हणालो, ‘मिसळलाय साहेब. आई तुळजाभवानीची शपथ.’

आमच्या भागात ही शपथ कुणी उगाच घेत नाही. भाऊबंदकीच्या भांडणात पंच एवढंच म्हणतात, आईची शपथ घे, आणि खोटा असेल तर भलाभला मागं सरतो. ओव्हरसियरसाहेब मुसलमान, पण दहा वर्षं आमच्यात राहिलेले. त्यांना त्या शपथेचं वजन आमच्याइतकंच ठाऊक होतं. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, ‘भवानी माँ की कसम खाये तुम. बस. मेरा हिसाबच कहीं चुक्या होइंगा.’ मग पाणी मारायला सांगून ते पुलावर निघून गेले.

पखालीनं पाणी आणून मारलं. आठवडाभर ठीक वाटलं आणि परत ऊन. भेगा आता हात जाईल एवढ्या झाल्या. मग मी आमच्या पद्धतीनं डोकं चालवलं. सुगीला खळं करताना काय करतात? भुई फाटलेली असली तर भेगांमधे भुसा कोंबतात, वर चिखलाचा हात देतात, शेणानं सारवतात. खळं आरशासारखं दिसतं. मी बाया लावल्या आणि चार दिवसांत सगळं मैदान खळ्यासारखं बुजवून, सारवून घेतलं. वर हरळीचा वाळका काडीकचरा पसरला. लांबून काय, जवळूनही भेग दिसेना. झाकली मूठ सव्वा लाखाची! खळ्यावर धान्य पडतं, बैल सावकाश फिरतात, तिथं ते चालतं. भुशावर सारवलेल्या भुईवर धावत्या माणसाचा पाय पडला तर काय होतं, याचा विचार करायला मला सवड नव्हती. शेड सजवायची होती ना!

मॅचच्या दिवशी अख्खा जिल्हा लोटला. तुळजापूरची पुजारी मंडळी आली, मुलूख पालथा घालून माणसं बैलगाड्यांनी आली. दगडी पायऱ्या भरल्या, मग झाडं भरली. साहेब शेडमधे बसले. ओव्हरसियरसाहेब खाली, कडेला उभे. बायकांना बसायला जागा नव्हती, म्हणून आक्का पागेच्या पडक्या भिंतीआड डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली होती. नवऱ्याचा खेळ ती जन्मात पहिल्यांदा बघत होती.

आणि दाजी काय खेळले त्या दिवशी! हैदराबादचे गडी बूटवाले, शिकलेले, एकमेकांना न बघता चेंडू देणारे. पण दाजींनी त्यांना गरगर फिरवलं. हाफटाईमच्या आधी एक गोल घातला तेव्हा पायऱ्यांवरचे पटके हवेत उडाले. हाफटाईमला साहेबांनी माणूस पाठवून विचारलं, ‘वो नंगे पाँववाला कौन है?’ मी ते माझ्या कानांनी ऐकलं. दाजींनीही ऐकलं. त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, ‘तुझ्या आक्काला सांग, गाठोडं बांध म्हणावं.’

हाफटाईम झाल्यावर थोड्याच वेळानं चेंडू माझ्याकडं आला. मी नेहमीसारखा दाजींकडं ढकलला. त्यांनी तो उजवीकडून घेतला, एकाला हुलकावणी दिली आणि गोलाकडं वळायला डावा पाय रोवला. पाय भुईतून आरपार आत गेला, पार पोटरीपर्यंत. अंग वळलं, पाय वळला नाही. ‘काट्’ असा आवाज झाला. सुकलेली तुराटी मोडावी तसा. मी दहा पावलांवर होतो. पायऱ्यांवर कुणाला कळलंच नाही, ते ‘ऊठ, ऊठ’ म्हणून ओरडत होते.

आम्ही चौघांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. नडगी मोडली होती, आणि पायाभोवती भुसा चिकटला होता. मी तो भुसा आधी झटकला. हे मी मुद्दाम सांगतोय. दाजी विव्हळत होते, भिंतीआडून आक्का धावत येत होती, तिच्या डोक्यावर पदर राहिला नव्हता, आणि मी पहिली गोष्ट कोणती केली तर भुसा झटकला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

साहेब भले होते, खाली उतरून आले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, वाईट वाटलं म्हणाले आणि मोटारीत बसून गेले. हाडवैद्यानं बांबूच्या कांबट्या बांधल्या. पाय सांधला, पण दीड बोट आखूड राहिला. पोती उचलणं गेलं, पळणं तर गेलंच. आक्का त्याच लांबट खोलीत, गोणपाटाच्या पडद्याआड राहिली. ती मला कधीच काही बोलली नाही, कारण तिला माहीतच नव्हतं. ‘नशीब फुटकं,’ म्हणायची. भांड्यांची कल्हई वापरून वापरून उडाली.

मैदान असं कसं खचलं म्हणून वरून जाब विचारला गेला. मला बोलावणं येणार म्हणून मी चार दिवस जेवलो नाही. बोलावणं आलं नाही. का आलं नाही ते मला दाजींच्या दारात कळलं.

मॅचनंतर दहा-बारा दिवसांनी, दुपारी, मी दाजींजवळ बसलो होतो. ते बाजेवर पडून, पाय कांबट्यांत. दारात सावली पडली. ओव्हरसियरसाहेब होते. टोपी हातात. त्या खोलीत असला माणूस कधी आला नव्हता. जावा पडद्याआड पळाल्या. मी धडपडत उठलो आणि त्यांना पाण्याचा तांब्या दिला. ते पाणी प्यायले, बाजेच्या कडेला टेकले आणि दाजींना म्हणाले, ‘पहिलवान, माफी मांगने आया. गलती मेरी है. तीन को एक बोला मैं. दो को एक बोलना था. तीस बरस ये काम किया, मट्टी पहचानने में चुक्या. ऊपर लिख के दिया मैं, की हिसाब मेरा था.’

दाजींनी झोपल्या झोपल्या दोन्ही हात जोडले. ‘साहेब, असं नका म्हणू हो.’

मग ते माझ्याकडं वळले. ‘और मियाँ, तुम फिकर नक्को करो. तुम तो बराबर काम किए. तुमपे कुछ नै आने देता मैं.’

माझ्या हातात रिकामा तांब्या होता. ओठ हलवायचे होते, दोन शब्द. ‘मिसळला नव्हता.’ बस. एवढेच. ते हलले नाहीत. साहेब उठले, दाजींच्या मोडक्या पायाला हलकेच हात लावून तो हात त्यांनी कपाळाला लावला आणि गेले. त्यांना त्या कामावरून काढून कुठंतरी लांब धाडलं होतं, दुसऱ्या दिवशीच त्यांना निघायचं होतं, हे मला नंतर समजलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर मी एकदा हैदराबादला जाऊन त्यांची गल्ली हुडकली. घराला दुसऱ्याच माणसाचं कुलूप. कुणी म्हणालं मुलाकडं गेले, कुणी म्हणालं वारले. ज्या माणसाला आपली विद्या पक्की ठाऊक होती, तो माझ्यामुळं आपण मूर्ख ठरलो असं समजून गेला. आणि दाजींना सांगायला तर मला त्यांच्या मरणापर्यंतची सगळी वर्षं होती. रोज भेटायचे, रोज चहा प्यायचो. नाही सांगितलं. भ्यालो. लाज वाटते सांगायला, पण भ्यालो.

त्या दुपारी साहेब गेल्यावर दाजींनी कोपरावर रेलून दाराकडं बघितलं. मग डोळे पुसून मला म्हणाले, ‘बघितलास माणूस? आपली चूक दुसऱ्याच्या दारात येऊन सांगायची, सोपं हाय व्हय? वाघाचं काळीज लागतंय. शीक काहीतरी त्याच्याकडनं.’

मी म्हणालो, ‘व्हय दाजी.’